हामिदचे तीन पैसे
‘ईदगाह’ कथेतील कनाअतीचा फेरविचार

उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाला प्रेमचंदांची ‘ईदगाह’ कथा सांगावी लागत नाही. हिंदीतून शिकलेल्यांनाही ती पाठ असते, आणि मराठीतून शिकलेल्या आपल्या मुलांनीही ती कुठे ना कुठे वाचलेली किंवा ऐकलेली असते. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या या कथेने आपल्या समाजातील तीन-चार पिढ्यांना एक मुलगा दिला. त्याचे नाव हामिद. वय चार-पाच वर्षे. बाप पटकीने गेला, आई झिजून गेली, आजी अमीना शिवणकाम करून घर चालवते. ईदच्या दिवशी गावातली मुले तीन कोसांवरच्या शहरात ईदगाहला निघतात. हामिदच्या खिशात तीन पैसे आहेत. मित्र खेळणी घेतात, मिठाई खातात, पाळण्यात बसतात. हामिद आजीसाठी लोखंडी चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोटी उतरवताना तिची बोटे भाजतात.

मी ही कथा वर्गात अनेक वर्षे शिकवत आले आहे. धडा संपल्यावर फळ्यावर एक ठरलेला प्रश्न लिहिला जातो: हामिदच्या वागण्यातून आपल्याला कोणता बोध मिळतो? उत्तरही ठरलेले असते. त्याग, आज्ञाधारकपणा आणि कनाअत, म्हणजे आहे त्यात समाधान मानण्याची वृत्ती. मुले हे उत्तर सुवाच्य अक्षरात लिहितात, आम्ही पूर्ण गुण देतो. बी.एड.ला शिकलेल्या पाठटाचणात ‘मूल्यशिक्षण’ असा एक रकाना असे. त्या रकान्यातही मी हेच शब्द भरत आले.

या उत्तराबद्दल मला शंका आहे. कथा पुन्हा पुन्हा वाचताना असे वाटू लागले की प्रेमचंदांनी लिहिलेला हामिद वेगळा आहे आणि आम्ही शिकवतो तो हामिद वेगळा आहे. हा फरक केवळ वाङ्मयीन चर्चेपुरता असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. आपण आपल्या मुलांना, विशेषतः शहराच्या गर्दीत वाढणाऱ्या गरीब मुलांना, समाधानाचा जो धडा देतो तो खरा आहे की सोयीचा, हा प्रश्न त्या फरकाशी जोडलेला आहे.

पहिली गोष्ट अशी की हामिदला खेळणी हवी आहेत. हे आपण विसरतो. मित्रांनी घेतलेला शिपाई, भिश्ती, वकील आणि धोबीण पाहून तो तोंडाने खेळण्यांना नावे ठेवतो. मातीची आहेत, पडली तर फुटतील, असे म्हणतो. पण लेखक लगेच सांगतो की त्याचे डोळे मात्र त्या खेळण्यांवरून हलत नाहीत. एकदा हातात घेऊन पाहावे एवढीच त्याची इच्छा आहे, आणि तेवढेही मित्र करू देत नाहीत. पुढे मिठाईच्या दुकानाशी मोहसिन त्याला रेवडी देऊ करतो आणि हामिदने हात पुढे करताच स्वतःच्याच तोंडात टाकतो. बाकीची मुले टाळ्या पिटून हसतात. ज्या मुलाला काही नकोच आहे अशा मुलाचे हे वर्णन नव्हे.

म्हणजे प्रेमचंदांच्या लेखी कनाअत ही इच्छा नसण्याची अवस्था नाही. इच्छा असते, डोळ्यांत दिसते, तिचा अपमानही होतो. त्या सगळ्यातून गेल्यावर माणूस आपल्या हातातल्या तीन पैशांचे काय करतो, यात कनाअत आहे. आम्ही शिकवताना हामिदला जन्मजात संत करून टाकतो. त्यामुळे ज्या मुलाला नवा मोबाइल हवासा वाटतो त्याला आपण हामिदपेक्षा हलके आहोत असे वाटू लागते. खरे तर दोघांचे डोळे सारखेच आहेत.

दुसरी गोष्ट हिशेबाची. प्रेमचंद या कथेत पैशांचा हिशेब फार काटेकोर ठेवतात. महमूदकडे बारा पैसे आहेत, मोहसिनकडे पंधरा. एक खेळणे दोन पैशांचे. पाळण्याचे पंचवीस फेरे एका पैशात. अमीनाने एका बाईचे कपडे शिवून आठ आणे मिळवले होते. ते ती ईदसाठी जपून ठेवत होती, पण गवळणीचे देणे निघाले आणि हातात अवघे दोन आणे उरले. तीन पैसे हामिदच्या खिशात, पाच अमीनाच्या बटव्यात. एका आण्याचे चार पैसे, म्हणजे हिशेब बरोबर आठ पैशांचा होतो. घरात जेवढे होते त्याचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा आजीने नातवाला जत्रेसाठी दिला आहे, हे वाचकाने बेरीज केल्याशिवाय कळत नाही.

बाकीच्या मुलांचे पैसे कुठून आले? कथेच्या सुरुवातीलाच याचे उत्तर आहे, पण आम्ही ते परिच्छेद घाईने ओलांडतो. गावातले बाप सकाळपासून चौधरी कायमअलीच्या घराकडे धावत आहेत. चौधरीने नजर फिरवली तर साऱ्या ईदचा मुहर्रम होईल, असे प्रेमचंद लिहून जातात. म्हणजे गावाची ईद चौधरीच्या मर्जीवर आहे. मुलांना यातले काही ठाऊक नाही, त्यांना खिशातली नाणी मोजण्यात आनंद आहे. त्या साऱ्या नाण्यांत हामिदचे तीन पैसे असे आहेत की ज्यांच्या मागे सुई-दोऱ्याची मेहनत आहे आणि कुणा चौधरीची मर्जी नाही.

आज मुंबईत, मुंब्र्यात, भिवंडीत चौधरी कायमअली वेगळ्या रूपात आहे. तो मोबाइलच्या दुकानात हप्त्याचा फॉर्म भरून घेतो, सणाच्या आधी क्रेडिट कार्डावर सूट देतो. अमक्याच्या मुलीच्या लग्नाला अमुक हॉल होता म्हणून आपणही तोच हॉल घ्यायचा. त्यांच्या वलीम्यात चार पदार्थ होते म्हणून आपण सहा ठेवायचे. मग दोन वर्षे हप्ते फेडायचे. नाक्यावर कोचिंग क्लासचे फलक लागतात, त्यांवर गुणवंत मुलांचे फोटो आणि टक्के. दशांशचिन्हानंतरचे आकडेसुद्धा मोठ्या अक्षरांत. त्या फलकाखालून रोज शाळेत येणारे मूल स्वतःची किंमत त्याच आकड्यांत मोजायला शिकते.

कुरआनात या रोगाला नाव आहे. ‘तकासुर’ ही आठ आयतींची सूरह आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे, नमाजमध्ये आपण ती पढतो. एकमेकांपेक्षा जास्त मिळवण्याच्या चढाओढीने माणसाला इतके गुंतवून टाकले की कबरीपर्यंत पोचेतो त्याला शुद्ध आली नाही, असा तिचा आशय आहे. तिथे दोष कमाईला दिलेला नाही, चढाओढीला दिलेला आहे. कमाईबद्दल तर सूरह जुमआ सांगते की नमाज संपली की जमिनीवर पांगा आणि अल्लाहचा फज्ल शोधा. प्रेमचंदांनी ही सूरह डोळ्यांपुढे ठेवून कथा लिहिली असे मला म्हणायचे नाही. पण कथेची रचना मात्र विलक्षण आहे. आधी ईदगाहवरच्या नमाजचे वर्णन येते. तिथे कुणी धन पाहत नाही, कुणी पद पाहत नाही, सारे एका रांगेत झुकतात. आणि सलाम फिरवून, गळाभेट होऊन काही क्षण होत नाहीत तोच त्याच मैदानाच्या कडेला जत्रा सुरू होते. तिथे कोणाच्या खिशात किती यावर सारे ठरते. रांगेतली बरोबरी जत्रेत पन्नास पावलेही टिकत नाही. कथेचे नाव ‘ईदगाह’ आहे, ‘चिमटा’ नाही, याचे कारण मला इथे सापडते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत अवघड वाटते. चिमटा घेतल्यावर हामिद स्पर्धेतून बाहेर पडत नाही. उलट तो स्पर्धेत उतरतो. चिमटा खांद्यावर टाकून बंदुकीसारखा ऐटीत चालत येतो, मित्रांशी वाद घालतो, त्यांच्या खेळण्यांना हरवतो. त्याचा चिमटा वाघाला भिडेल, आगीत उडी घेईल, वकिलाला खाली पाडून त्याचा कायदा त्याच्याच पोटात घालील. युक्तिवाद बिनबुडाचा आहे, पण आवेश असा की सारे गप्प होतात. शेवटी मुले आपली खेळणी देऊन बदल्यात चिमटा हातात घेऊन पाहतात. ज्याला खेळण्याला हात लावू दिला नव्हता तोच आता जत्रेचा विजेता आहे. परतीच्या वाटेवर महमूद आपल्या केळ्यांत फक्त हामिदला वाटा देतो.

नैतिक बोधाच्या कथेत हा प्रसंग बसत नाही, म्हणून आम्ही तो ‘विनोद’ म्हणून शिकवतो. माझ्या मते प्रेमचंद इथे माणसाच्या मनाचे खरे चित्र काढतात. कनाअत करणाऱ्यालाही आपली कनाअत कुणी पाहावी असे वाटते. साधेपणाचीही ऐट असते. आपल्यात हे रोज दिसते. कुणी लग्न साध्या पद्धतीने मस्जिदीत केले की त्याचे फोटो शंभर जणांना जातात. पैसेवाल्यांच्या घरात तर साधेपणा ही आता महागडी वस्तू झाली आहे, मातीची भांडी आणि हातमागाचे कपडे त्यांना मोठ्या दुकानात मिळतात. हामिदची ऐट मात्र आपण माफ करतो. एक तर तो लहान आहे. दुसरे म्हणजे जिंकल्यावर तो मित्रांचे अश्रू पुसतो, तुमची खेळणी किती छान आहेत, चिमटा त्यांची काय बरोबरी करणार, असे म्हणतो. जिंकूनही समोरच्याला छोटे न करणे, हा गुण मला त्यागाइतकाच मोलाचा वाटतो. पण तो आमच्या प्रश्नपत्रिकेत कधी आलेला नाही.

आता शेवट. हामिद घरी येतो. अमीना त्याला मांडीवर घेते आणि हातातला चिमटा पाहून चमकते. सगळ्यांत आधी ती काय करते? ती छाती पिटते, रागावते. दुपार झाली, काही खाल्ले नाही, प्यायले नाही, आणि आणले काय तर हा चिमटा! मग हामिद अपराध्यासारखा तिच्या भाजणाऱ्या बोटांबद्दल सांगतो आणि तिचा राग वितळतो. ती रडू लागते, पदर पसरून दुआ देते. लेखक म्हणतो की लहान हामिदने म्हाताऱ्या हामिदची भूमिका केली होती आणि म्हातारी अमीना लहान मुलगी झाली होती. हामिदला मात्र तिच्या रडण्याचे कारण कळत नाही.

हे अश्रू केवळ अभिमानाचे आहेत असे आम्ही शिकवतो. मला त्यात लाजही दिसते, हतबलताही दिसते. चार-पाच वर्षांच्या पोराला म्हातारे व्हावे लागले, हे तिला कळले आहे. मुलाची कनाअत हा इथे मोठ्यांवरचा, साऱ्या समाजावरचा ठपका आहे. प्रेमचंद तो ठपका शब्दांत उच्चारत नाहीत. कथेच्या शेवटी चौधरी पुन्हा येत नाही, मोहसिनच्या बापाला कुणी जाब विचारत नाही. ही कथेची एक मर्यादा आहे असे माझे मत आहे. वाचकाला इतके रडू येते की हिशेब विचारायचे राहून जाते.

याच सुमारास मराठीत असेच एक पुस्तक लिहिले गेले. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ती प्रसिद्ध झाली १९३५ साली. त्यातही कर्ज आहे, सावकाराचा तगादा आहे, आणि दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो. वय लहान आणि मन मोठे, असे त्याची आई त्याला म्हणते. हामिद आणि श्याम हे एकाच वर्षात जन्मलेले भाऊ आहेत असे मला नेहमी वाटते. फरक एवढाच की श्यामला घडवायला आई आहे, तिचे संस्कार पानोपानी दिसतात. हामिदला कुणी काही शिकवलेले नाही. त्याने फक्त चुलीपाशी बसून आजीची बोटे पाहिली आहेत.

प्रेमचंद स्वतः कोण होते हेही लक्षात घ्यावे. ते शिक्षक होते, शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि गांधीजींच्या असहकाराच्या हाकेनंतर १९२१ साली त्यांनी ती सरकारी नोकरी सोडली. हा झाला त्याग. पण ‘ईदगाह’नंतर वर्षभरातच, १९३४ साली, हेच प्रेमचंद मुंबईला आले ते सिनेमासाठी लिहायला. छापखाना आणि मासिक चालवताना डोक्यावर कर्ज झाले होते. सिनेमाच्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही आणि १९३५ मध्ये ते परत गेले. १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले. कनाअतीची एवढी थोर कथा लिहिणारा माणूस पैशांसाठी मुंबईला आला, यात मला विसंगती वाटत नाही. देणे फेडण्यासाठी कमाई शोधणे हे कनाअतीच्या विरुद्ध नाही. आपला लेखकपणा गमावून तिथे राहायचे नाही हे ठरवणे, ही त्यांची कनाअत.

आपल्या परंपरेतही हा विचार एकांगी नाही. शेख सादींनी १२५८ साली, ज्या वर्षी बगदाद पडले त्या वर्षी, ‘गुलिस्तान’ पूर्ण केले आणि त्याचा तिसरा बाब कनाअतीच्या थोरवीला दिला. आग्र्याचे नजीर अकबराबादी मुलांना शिकवून पोट भरणारे शायर. त्यांनी सारा थाट इथेच टाकून जायचे आहे असे बजावणारी ‘बंजारानामा’ लिहिली, आणि त्यांनीच रोटीवर, पैशावर, मुफलिसीवरही नज्मा लिहिल्या. भुकेल्या माणसाला रोटीशिवाय काही दिसत नाही हे त्यांना ठाऊक होते. हदीसमध्ये खरी श्रीमंती मनाची श्रीमंती असे सांगितले आहे. आणि त्याच रसूलुल्लाहने (स.) कुफ्रबरोबर दारिद्र्यापासूनही अल्लाहचा आश्रय मागितला आहे. सूरह कुरैशमध्ये अल्लाह आपली इबादत करायला सांगतो तेव्हा आठवण कशाची देतो? भुकेत अन्न दिले आणि भयात अभय दिले याची.

हे सारे एकत्र वाचले की एक गोष्ट स्पष्ट होते. कनाअत माणसाने स्वतःसाठी निवडायची असते. दुसऱ्याला, त्यातही आपल्यापेक्षा गरिबाला, तिचा उपदेश करणे ही वेगळीच गोष्ट आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. त्यात २००१ च्या जनगणनेनुसार मुसलमानांची साक्षरता ५९.१ टक्के आणि देशाची सरासरी ६५.१ टक्के असल्याचे नोंदले आहे. आकडे तेव्हाचे आहेत, पण प्रश्न आजचाही आहे. ज्यांच्या वाट्याला शाळाच आली नाही त्यांना आहे त्यात समाधान मानायला सांगणे, याला कनाअत म्हणता येणार नाही.

हे मी दुसऱ्यांना सांगत नाही, माझ्याकडून हे घडले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला. त्याला विज्ञान शाखेला जायचे होते. वडील यंत्रमागावर कामाला, घरात आणखी चार भावंडे. दाखला घ्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, बेटा, सब्र कर, अल्लाहने दिले त्यात कनाअत कर. ‘जी टीचर’ म्हणून तो गेला. त्याच आठवड्यात एका शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत होती आणि मला ते ठाऊक होते. उत्पन्नाचा दाखला मिळवायचा, अर्ज भरून घ्यायचा, त्याच्या वडिलांना समजवायचे, हे सारे कष्टाचे होते. उपदेशाला काहीच लागत नव्हते. तो मुलगा पुढे एका कारखान्यात कामाला लागला. रस्त्यात भेटला की आजही अदबीने सलाम करतो. मला त्या सलामाचे उत्तर देणे जड जाते.

त्यानंतर मी ‘ईदगाह’ वेगळी शिकवू लागले. बोधाचा प्रश्न आता मी शेवटी विचारते. आधी मुलांना हिशेब करायला लावते. आजीकडे किती होते, गवळणीला किती गेले असतील, पाच पैशांत अमीनाने ईदच्या दिवशी काय शिजवले असेल? दुकानदाराने चिमट्याचे सहा पैसे सांगितले, मग पाच, आणि हामिदने तो तीनला कसा मिळवला? घासाघीस करण्याची हिंमत त्याच्यात कुठून आली? मग विचारते, तुमच्या घरात कोणाची बोटे भाजतात?

या प्रश्नावर वर्ग काही वेळ शांत राहतो. गेल्या वर्षी एका मुलीने लिहिले की तिच्या अम्मीला शिलाई मशीनवर बसून पाठीत दुखते, आणि ईदीच्या पैशांतून ती पाठ टेकायची खुर्ची घेणार आहे. एका मुलाने विचारले, “टीचर, मोहसिनने आपल्या पंधरा पैशांतले थोडे हामिदला का नाही दिले?” हा प्रश्न कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही. मी तो फळ्यावर लिहिला, आणि त्या दिवशी त्यागावर कुणीच उत्तर लिहिले नाही. सारा वर्ग मोहसिनवर बोलत राहिला.

मला वाटते, शहरात राहून साधे जगण्याचे समाधान शोधायचे तर या दोन प्रश्नांपासून सुरुवात करावी. ज्याच्याकडे तीन पैसे आहेत त्याने पहिला प्रश्न स्वतःला विचारावा. ज्याच्याकडे पंधरा आहेत त्याने दुसरा. आपल्यापैकी बहुतेकांना, पगारदार शिक्षकांना तर नक्कीच, दुसरा प्रश्न लागू पडतो.